श्वासाचे मोजमाप करणारा योगी

हिंगोली जिल्ह्यातील औंढा नागनाथाच्या दगडी मंदिरात पाऊल ठेवताना भाविकांच्या मनात एक कथा हमखास जागी होते. नरसीचे नामदेव गुरूच्या शोधात येथे आले, तेव्हा विसोबा खेचर चक्क शिवपिंडीवर पाय टेकवून पहुडले होते. नामदेवांना राग आला. विसोबांनी शांतपणे सुचवले, की जेथे देव नसेल अशी जागा शोधून माझे पाय तेथे ठेव. नामदेव पाय उचलून जेथे ठेवू लागले तेथे पिंडी प्रकटली. कथा श्रद्धेची आहे. पण या कथेतील गुरू शिष्याला स्वतः करून पाहायला लावतो, हे तिचे वेगळेपण दुर्लक्षून चालणार नाही.

विसोबांचे नाव नाथपरंपरेशी जोडले जाते. देह स्थिर झाला की श्वास स्थिर होतो आणि श्वास स्थिर झाला की मन ताब्यात येते, असे नाथपंथीय योगी मानत आले. आसने, प्राणायाम, बंध, मुद्रा, शरीरशुद्धीच्या क्रिया ही त्यांची साधने होती. मात्र ही विद्या शतकानुशतके गुरूच्या पायाशी बसलेल्या मोजक्या शिष्यांपुरतीच राहिली. सामान्य संसारी माणसाला तिचे कुतूहल होते, त्याहून अधिक भय होते. प्राणायाम चुकला तर माणसाला वेड लागते, अशी समजूत घरोघरी होती. दुसरीकडे इंग्रजी शिक्षण घेतलेला वर्ग या साऱ्याकडे बैराग्यांचे चाळे म्हणून पाहत होता.

या दोन टोकांच्या मधोमध उभे राहून योगाला थेट क्ष-किरण यंत्रासमोर नेण्याचे धाडस एका मराठी शिक्षकाने केले. त्यांचे मूळ नाव जगन्नाथ गणेश गुणे. जगाला ते स्वामी कुवलयानंद या नावाने परिचित आहेत. दरवर्षी २१ जूनला हिंगोलीपासून न्यूयॉर्कपर्यंत लाखो लोक सतरंज्या अंथरून योगासने करतात. परंतु योगाने शरीरात नेमके काय घडते, हे मोजून पाहण्याची वाट ज्यांनी पाडली त्या गुण्यांचे स्मरण त्या दिवशी क्वचितच होते.

दभोई ते बडोदा

जगन्नाथ गुणे यांचा जन्म ३० ऑगस्ट १८८३ रोजी बडोदे संस्थानातील दभोई येथे झाला. घरची स्थिती बेताची होती आणि आई-वडिलांचे छत्र लवकर हरपले. शिक्षणासाठी लागणारा पैसा आणि आधार दोन्ही मिळवताना त्यांना लहान वयातच झगडावे लागले. तरीही १९०३ मध्ये मॅट्रिकच्या परीक्षेत संस्कृतसाठीची मानाची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती त्यांनी पटकावली. संस्कृतवरील हे प्रभुत्व त्यांना पुढे आयुष्यभर उपयोगी पडणार होते. योगाचे मूळ ग्रंथ वाचण्यासाठी त्यांना कोणाच्या भाषांतरावर विसंबावे लागले नाही.

पुढील शिक्षणासाठी ते बडोद्याच्या महाविद्यालयात दाखल झाले. सयाजीराव गायकवाडांच्या राजवटीतील बडोदे तेव्हा विद्येचे आणि नव्या विचारांचे केंद्र होते. अरविंद घोष याच महाविद्यालयात अध्यापन करीत होते. बंगालच्या फाळणीनंतरचे वातावरण तापलेले होते आणि लोकमान्य टिळकांचे लेखन तरुणांची मने पेटवीत होते. या साऱ्याचा खोल परिणाम तरुण जगन्नाथवर झाला. आजन्म अविवाहित राहून देशसेवेला वाहून घेण्याचा निश्चय त्यांनी केला.

त्याच बडोद्यात जुम्मादादा व्यायाममंदिर होते. जुम्मादादांचे शिष्य राजरत्न माणिकराव तेथे तरुणांना कुस्ती, मल्लखांब, लाठी आणि संघव्यायामाचे शिक्षण देत. १९०७ ते १९१० या काळात गुणे यांनी माणिकरावांच्या हाताखाली कसून मेहनत केली. देश स्वतंत्र व्हायचा तर आधी तरुणांची शरीरे कणखर व्हायला हवीत, हा त्या आखाड्यातला साधा विचार होता. शरीर मन लावून शिकण्याचा विषय आहे, ही जाणीव गुणे यांना येथेच झाली. योग मात्र अजून त्यांच्या आयुष्यात आलेला नव्हता.

अमळनेरचा प्राचार्य

पदवी घेतल्यानंतर गुणे खानदेशात अमळनेरला गेले आणि खानदेश शिक्षण मंडळाच्या कार्यात सामील झाले. अमळनेर हे तेव्हाचे लहान पण जागे गाव होते. प्रताप शेठजींच्या औदार्याने १९१६ मध्ये तेथे तत्त्वज्ञान मंदिर उभे राहिले होते. त्याच वर्षी गुणे यांच्याकडे राष्ट्रीय महाविद्यालयाचे प्राचार्यपद आले. विद्यार्थ्यांना भारतीय संस्कृतीचे शिक्षण देणे हे त्यांचे काम होते.

खेड्यापाड्यांतून फिरताना त्यांना अज्ञान आणि अंधश्रद्धा यांचे जे दर्शन घडले, त्याने ते अस्वस्थ झाले. शिक्षणावाचून या देशाला तरणोपाय नाही, असे त्यांचे मत बनले. पुढे राष्ट्रीय वृत्तीमुळे ते महाविद्यालय इंग्रज सरकारच्या डोळ्यांत खुपू लागले आणि अखेर बंद पडले. एखाद्या शिक्षकाच्या आयुष्यात येथे पूर्णविराम पडला असता. गुणे यांच्या बाबतीत मात्र याच सुमारास एका वेगळ्याच गुरूची गाठ पडली होती.

मालसरचा गुरू

बडोद्याजवळ नर्मदेच्या काठी मालसर नावाचे गाव आहे. परमहंस माधवदासजी हे मूळचे बंगालमधील वृद्ध योगी तेथे आश्रम करून राहत होते. १९१९ मध्ये गुणे त्यांना भेटले आणि त्यांच्या आयुष्याची दिशा पालटली. माधवदासजींकडून त्यांनी हठयोगातील क्रिया आणि प्राणायाम प्रत्यक्ष शिकून घेतले. याच गुरूचे आणखी एक शिष्य, मुंबईत १९१८ मध्ये योग संस्था स्थापन करणारे योगेंद्रजी, हेही योगाला आश्रमाबाहेर आणण्याच्या खटपटीत होते. एकाच वृद्ध योग्याच्या दोन शिष्यांनी आधुनिक योगाचा पाया घातला, हा योगायोग लक्षणीय आहे.

गुरूचा सहवास फार काळ लाभला नाही. १९२१ मध्ये माधवदासजींचे देहावसान झाले. तोवर गुणे यांना स्वतःच्या शरीरात काही बदल जाणवू लागले होते. आखाड्यातील मेहनतीने येणारे बदल त्यांना ठाऊक होते. हे निराळे होते. आता त्यांच्यापुढे दोन मार्ग होते. गुरूने सांगितले म्हणून सारे सत्य मानून शिष्यपरंपरा चालवावी, हा पहिला. दुसरा मार्ग अवघड होता. जे जाणवते ते खरोखर घडते काय, घडत असल्यास कसे घडते, हे त्रयस्थाला पटेल अशा रीतीने पडताळून पाहावे. त्यांनी दुसरा मार्ग निवडला.

या निवडीतील धोका आज सहज लक्षात येत नाही. प्रयोगातून काहीच निष्पन्न झाले नसते, तर गुरूची विद्या चव्हाट्यावर आणून तिची नाचक्की केल्याचा ठपका त्यांच्यावर आला असता. निष्कर्ष अनुकूल निघाले तरी सनातनी मंडळी पवित्र विद्येला यंत्राची विटाळवाणी कसोटी लावल्याबद्दल नाराज होणार, आणि डॉक्टर मंडळी एका संस्कृतच्या शिक्षकाने शरीरशास्त्रात नाक खुपसल्याबद्दल हसणार, हेही उघड होते.

क्ष-किरणांपुढे नौली

१९२० च्या सुमारास बडोद्याच्या रुग्णालयात काही डॉक्टरांच्या मदतीने हे प्रयोग सुरू झाले. प्रयोगासाठी निवडलेल्या क्रिया होत्या उड्डियान आणि नौली. उड्डियानात संपूर्ण श्वास बाहेर टाकून, नवा श्वास न घेता छाती फुगवल्यासारखी करतात. त्यामुळे पोट आत आणि वर ओढले जाऊन बरगड्यांखाली खोल खळगा पडतो. नौलीत त्याच अवस्थेत पोटाच्या मधल्या दोन उभ्या स्नायूंना आवळून पुढे काढले जाते आणि मग ते डावीकडून उजवीकडे फिरवले जातात. पाहणाऱ्याला ही जादूच वाटते.

राँटजेनने क्ष-किरणांचा शोध १८९५ मध्ये लावला होता. म्हणजे हे तंत्र अवघे पंचवीस वर्षांचे होते. क्रिया चालू असताना पोटातील आतडी आणि श्वासपटल यांची स्थिती कशी बदलते, हे या किरणांच्या साहाय्याने प्रथमच डोळ्यांना दिसले. योग्यांच्या शरीरात काहीतरी घडते, या मोघम विधानाला आता छायाचित्राचा पुरावा मिळाला होता. गुणे यांचा हुरूप वाढला.

पुढचा प्रयोग याहून महत्त्वाचा ठरला. हठयोगातील बस्ती या क्रियेत योगी पाण्यात बसून गुदमार्गाने पाणी आत ओढून घेतो. पिचकारीवाचून पाणी वर चढते कसे, हे कोडेच होते. गुणे यांनी पाऱ्याचा दाबमापक घेतला आणि क्रियेच्या वेळी मोठ्या आतड्यातील दाब मोजला. नौली करताना हा दाब बाहेरील हवेच्या दाबापेक्षा खाली उतरत असल्याचे पारा दाखवू लागला. आत अंशतः निर्वात स्थिती निर्माण होते आणि बाहेरचा दाब पाण्याला आत ढकलतो, एवढे साधे त्याचे उत्तर होते. शाळेतील मुलालाही कळावा असा हा भौतिकशास्त्राचा नियम होता. या निर्वात स्थितीला त्यांनी आपल्या गुरूचे, माधवदासांचे नाव दिले. गुरूविषयीची कृतज्ञता त्यांनी शास्त्रीय परिभाषेतून व्यक्त केली.

लोणावळ्याचे कैवल्यधाम

ऑक्टोबर १९२४ मध्ये लोणावळ्याला कैवल्यधाम या संस्थेची स्थापना झाली. जगन्नाथ गुणे आता स्वामी कुवलयानंद या नावाने ओळखले जाऊ लागले. मुंबई आणि पुण्याच्या मधोमध, रेल्वेच्या वाटेवर, थंड हवेच्या ठिकाणी संस्था असावी हा विचार व्यवहारी होता. साधकांना एकांत हवा होता, तर प्रयोगशाळेला शहरातील डॉक्टरांची आणि साधनांची जवळीक हवी होती.

त्याच महिन्यात ‘योगमीमांसा’ या इंग्रजी त्रैमासिकाचा पहिला अंक निघाला. त्याची रचना त्या काळी अनोखी होती. एका विभागात प्रयोग, त्यांची पद्धत, कोष्टके आणि छायाचित्रे; दुसऱ्या विभागात सामान्य वाचकासाठी आसनांची कृती आणि समज. अंक देशोदेशीच्या अभ्यासकांपर्यंत पोहोचू लागले. योगावर लिहिणारे पूर्वीही होते. परंतु आपले निष्कर्ष कोणीही पुन्हा प्रयोग करून तपासावेत अशा रीतीने मांडणारे नियतकालिक ही नवी गोष्ट होती.

प्रयोगशाळेच्या जोडीला ग्रंथशाळाही होती. हठयोगाच्या हस्तलिखितांचा शोध घेऊन त्यांच्या शुद्ध प्रती तयार करण्याचे काम तेथे सुरू झाले. नाथपरंपरेतील गोरक्षशतकाचे संपादन कुवलयानंदांनी डॉ. शुक्ल यांच्यासमवेत केले. ग्रंथात काय लिहिले आहे आणि लोक काय सांगतात, यांतील अंतर ओळखल्याशिवाय प्रयोग कशाचा करायचा हेच ठरत नाही, अशी त्यांची भूमिका होती.

प्राणवायूचा भ्रम

कुवलयानंदांच्या प्रामाणिकपणाची खरी कसोटी प्राणायामाच्या प्रयोगांत लागली. प्राणायामाने शरीराला भरपूर प्राणवायू मिळतो आणि म्हणून प्रकृती सुधारते, असे योगप्रेमी मंडळी तेव्हाही सांगत आणि आजही सांगतात. हे स्पष्टीकरण ऐकायला सोपे आणि आधुनिक वाटते. योगाचा प्रचार करायचा तर याहून सोयीचा मुद्दा नव्हता.

कैवल्यधामच्या प्रयोगशाळेत श्वासातील वायूंचे पृथक्करण करण्यात आले. दीर्घ आणि संथ प्राणायामात मिनिटाला घेतल्या जाणाऱ्या श्वासांची संख्या खूप घटते. एकेक श्वास मोठा असला तरी एकूण हिशेब मांडल्यावर, प्राणायामामुळे शरीरात प्राणवायूचा साठा वाढतो या समजुतीला आधार मिळेना. निरोगी माणसाच्या रक्तात प्राणवायू मुळातच जवळजवळ पूर्ण क्षमतेने भरलेला असतो. तेथे आणखी भर घालायला फारशी जागा उरत नाही, हे आज वैद्यकाचा प्रत्येक विद्यार्थी जाणतो. कुवलयानंदांनी हा लोकप्रिय समज चुकीचा असल्याचे स्वतःच्याच नियतकालिकात आणि १९३१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्राणायामावरील पुस्तकात मांडले. मग प्राणायामाचे मोल कशात? त्यांच्या मते ते मज्जासंस्थेच्या संस्कारात होते. श्वासाला लावलेले वळण हळूहळू मज्जातंतूंना आणि त्यांच्यामार्फत मनाला वळण लावते, असा त्यांचा सिद्धान्त होता.

स्वतःच्या पंथाला सोयीचा असलेला दावा स्वतःच खोडून काढणारे प्रचारक विरळाच. कुवलयानंदांची थोरवी सांगताना त्यांच्या संस्थेची भव्यता किंवा त्यांच्याकडे आलेले मान्यवर यांची यादी दिली जाते. आमच्या मते त्यांच्या चरित्रातील सर्वांत मोठी घटना हीच होय.

आज या सिद्धान्ताकडे पाहताना त्यांची दृष्टी किती योग्य दिशेला होती हे जाणवते. श्वास घेताना हृदयाचे ठोके किंचित जलद होतात आणि सोडताना मंदावतात. उच्छ्वासाच्या वेळी व्हेगस नावाच्या मज्जातंतूचा हृदयावरील अंमल वाढतो, हे त्याचे कारण. श्वास संथ केला आणि उच्छ्वास लांबवला, की शरीराची धावपळीची यंत्रणा मागे पडून विश्रांतीची यंत्रणा पुढे येते. मेंदू श्वासावर हुकमत गाजवतो, तसाच श्वासही मेंदूला निरोप देत असतो. कैवल्यधामच्या शिकवणीत नवशिक्याला श्वास रोखून धरण्याच्या नादी न लावता, घेण्यापेक्षा सोडण्यास दुप्पट वेळ देण्याची सवय आधी लावली जाते, यामागचे मर्म यावरून ध्यानात यावे.

आसनांबाबतही त्यांची भूमिका अशीच स्पष्ट होती. आसन म्हणजे जोर-बैठका नव्हेत. दंड काढताना स्नायू थकतात, श्वास फुलतो. आसनात शरीर एका स्थितीत न्यावे, तेथे अनावश्यक जोर सोडून द्यावा आणि श्वास सहज चालू ठेवावा, असे ते सांगत. घाम निघालाच पाहिजे असा अट्टहास त्यांनी कधी धरला नाही. आखाड्यात वाढलेल्या माणसाने हे सांगावे याला विशेष अर्थ होता. व्यायामाला त्यांचा विरोध नव्हता. दोहोंचे कार्य वेगळे आहे एवढेच त्यांचे म्हणणे होते.

गांधीजींचा रक्तदाब

शीर्षासनात पाय वर आणि डोके खाली असते. अशा वेळी रक्तदाब भलताच वाढत असेल, ही शंका त्या काळच्या डॉक्टरांना होती. १९२० च्या दशकातच कैवल्यधामात शीर्षासन, सर्वांगासन आणि मत्स्यासन करणाऱ्यांचा रक्तदाब मोजून नोंदी प्रसिद्ध करण्यात आल्या. निरोगी आणि सवय असलेल्या साधकांपुरती ही भीती अवास्तव असल्याचे त्यांतून दिसले. याचा अर्थ ते आसन सर्वांनी करावे असा मात्र नाही. ज्यांचा रक्तदाब मुळातच जास्त आहे किंवा ज्यांना काचबिंदूचा विकार आहे, त्यांनी शीर्षासनापासून दूर राहावे, हे आज सर्वमान्य आहे.

या विषयातील त्यांची कीर्ती एका मोठ्या रुग्णापर्यंत पोहोचली. १९२७ च्या मार्चमध्ये दक्षिण महाराष्ट्राच्या दौऱ्यावर असताना महात्मा गांधींची प्रकृती रक्तदाबामुळे एकाएकी ढासळली. विश्रांतीसाठी ते म्हैसूर संस्थानातील नंदी टेकडीवर जाऊन राहिले. त्या काळात गांधीजी आणि कुवलयानंद यांच्यात आसनांविषयी पत्रव्यवहार झाला. गांधीजी स्वतःच्या शरीरावर प्रयोग करण्यात हौशी होते. ते अनुभव कळवीत, शंका विचारीत आणि पटले नाही तर तसेही सांगत. स्वतःच्या मतांचा आग्रही रुग्ण आणि पुराव्याचा आग्रही योगी यांची ही जोडी विलक्षण म्हटली पाहिजे.

शाळेच्या मैदानावर

प्रयोगशाळेत सिद्ध झालेले ज्ञान तेथेच अडकून पडावे, हे अमळनेरच्या या जुन्या शिक्षकाला मानवणारे नव्हते. १९३२ मध्ये मुंबईत सांताक्रूझ येथे कैवल्यधामची शाखा सुरू झाली. १९३६ मध्ये चौपाटीच्या परिसरात ईश्वरदास चुनीलाल यौगिक आरोग्य केंद्र उभे राहिले. कचेरीत जाणाऱ्या, बैठे काम करणाऱ्या मुंबईकराला सकाळी येऊन तासभर साधना करता यावी, अशी सोय तेथे झाली. आज शहरोशहरी दिसणाऱ्या योगवर्गांचे मूळ अशा केंद्रांत आहे.

१९३७ मध्ये मुंबई प्रांतात लोकनियुक्त मंत्रिमंडळ आले. बाळासाहेब खेर यांच्या सरकारने शारीरिक शिक्षणाचा विचार करण्यासाठी समिती नेमली आणि तिचे अध्यक्षपद कुवलयानंदांकडे सोपवले. शिक्षकांनाच व्यायामाचे शास्त्रशुद्ध शिक्षण मिळाल्याशिवाय शाळांत काही घडणार नाही, हे ओळखून कांदिवली येथे १९३८ मध्ये शारीरिक शिक्षणाची प्रशिक्षण संस्था सुरू झाली. शाळेच्या वेळापत्रकातील खेळाच्या तासाला जी प्रतिष्ठा लाभली, तीत या प्रयत्नांचा वाटा आहे.

मोठ्या समूहाने एकत्र करावयाच्या यौगिक व्यायामाची पद्धतही त्यांनी बसवून दिली. गुरूच्या झोपडीत एकेकट्या शिष्याला दिली जाणारी विद्या शंभर मुलांच्या रांगेला एका वेळी शिकवायची, तर अवघड क्रिया वगळाव्या लागतात, क्रम ठरवावा लागतो, आज्ञा निश्चित कराव्या लागतात. माणिकरावांच्या आखाड्यातील संघव्यायामाचे संस्कार येथे कामी आले. जिल्हा परिषदेच्या शाळेच्या अंगणात आकडे मोजत ताडासन करणारी मुले पाहिली, की या परंपरेचा उगम कोठे आहे हे लक्षात येते.

परदेशी अभ्यासक आणि मेंदूचे आलेख

कैवल्यधामच्या कार्याने परदेशी विद्यापीठांचे लक्ष वेधले. मूळचे केरळचे आणि अमेरिकेतील येल विद्यापीठात मानसशास्त्राचा अभ्यास करणारे कोवूर बेहानन १९३० च्या दशकाच्या आरंभी लोणावळ्यास येऊन कुवलयानंदांच्या मार्गदर्शनाखाली राहिले. परत गेल्यावर त्यांनी स्वतःवर श्वसनाचे आणि मानसिक कार्यक्षमतेचे प्रयोग केले आणि १९३७ मध्ये योगाच्या शास्त्रीय मूल्यमापनावर पुस्तक प्रसिद्ध केले. त्यांच्या काही नोंदी लोणावळ्याच्या निष्कर्षांशी जुळत नव्हत्या. उज्जायीसारख्या प्रकारात प्राणवायूचा वापर वाढल्याचे त्यांना आढळले होते. शिष्याने वेगळे निष्कर्ष मांडणे आश्रमात कदाचित अप्रस्तुत ठरले असते; प्रयोगशाळेत मात्र तो कामाचाच भाग असतो.

१९५७ मध्ये अमेरिकेतील वेंगर आणि बागची हे दोन शास्त्रज्ञ योग्यांच्या शरीराचे व मेंदूचे आलेख घेणारी यंत्रे घेऊन भारतात आले. कैवल्यधामातही त्यांनी काम केले. हृदय थांबवून दाखवण्याचा दावा करणारे योगी त्या काळी प्रसिद्ध होते. वेंगर, बागची आणि दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील आनंद यांनी अशा दाव्यांची तपासणी केली. मनगटावरची नाडी लागेनाशी होते हे खरे ठरले. परंतु हृदयाचा विद्युत् आलेख मात्र चालूच राहिला. श्वास कोंडून छातीचे आणि पोटाचे स्नायू आवळले, की छातीतील दाब वाढतो, हृदयाकडे परतणारे रक्त कमी होते आणि नाडी क्षीण होते. हृदय धडधडतच असते. चमत्काराची झळाळी त्यामुळे उतरली. स्नायू आणि श्वास यांवरील असामान्य ताबा मात्र खराच होता. कुवलयानंदांनी तीस वर्षांपूर्वी सुरू केलेल्या पद्धतीचाच हा विस्तार होता.

मर्यादांची नोंद

चरित्रनायकाचे गुणगान करताना त्यांच्या कार्याच्या मर्यादा झाकणे, हे त्यांच्याच शिकवणीशी प्रतारणा करण्यासारखे होईल. कैवल्यधामच्या आरंभीच्या प्रयोगांत सहभागी झालेल्यांची संख्या अगदी थोडी होती आणि त्यांत संस्थेचेच साधक असत. योग करणारा गट आणि न करणारा गट अशी तुलना, जी आज अनिवार्य मानली जाते, ती त्या प्रयोगांत सहसा नव्हती. अंतःस्रावी ग्रंथींचा शोध तेव्हा नवा आणि आकर्षक होता. सर्वांगासनाने कंठग्रंथीचे कार्य सुधारते, यासारखी त्यांची विधाने तर्काच्या आधारे केलेली होती. मोजमापाचा भक्कम पुरावा त्यांच्यामागे नव्हता. पुढे हीच विधाने असंख्य पुस्तकांत निःशंकपणे उतरवली गेली. ज्याने तपासून पाहा असे सांगितले, त्याचेच काही तर्क न तपासता पाठ केले गेले.

तरीही आजारांच्या बाबतीत त्यांनी सावधगिरीच बाळगली. योगोपचार हा वैद्यकाला पर्याय न मानता त्याचा सहकारी मानावा, असा त्यांचा कल होता. डॉ. विनेकर यांच्यासमवेत त्यांनी लिहिलेले योगोपचारावरील पुस्तक केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने १९६३ मध्ये प्रसिद्ध केले. आसनांच्या यादीपेक्षा त्यात आहार, मनाची ठेवण आणि जगण्याची शिस्त यांवर भर आहे. कॅन्सरपासून मधुमेहापर्यंत सर्व काही आठवड्याभरात बरे करण्याची आश्वासने देणाऱ्या शिबिरांच्या जाहिराती पाहताना या संयमाची आठवण अपरिहार्यपणे होते.

अखेरची वर्षे

स्वातंत्र्यानंतर संस्थेचा पसारा वाढत गेला. १९५० च्या दशकाच्या प्रारंभी गोवर्धनदास सेक्सरिया यांच्या नावाने योगाचे महाविद्यालय सुरू झाले. १९६० च्या दशकाच्या आरंभी लोणावळ्यात योगोपचाराचे रुग्णालय उभे राहिले. एकट्या गुरूवर अवलंबून असलेली विद्या आता अभ्यासक्रम, परीक्षा, ग्रंथालय आणि प्रयोगवह्या यांच्या आधारे पुढच्या पिढीकडे जाऊ लागली. १८ एप्रिल १९६६ रोजी स्वामी कुवलयानंदांचे निधन झाले. त्यांच्यामागे स्वामी दिगंबरजींनी संस्थेची धुरा वाहिली. भारतीय टपाल खात्याने ३० ऑगस्ट २०१९ रोजी, म्हणजे त्यांच्या जन्मदिनीच, त्यांच्या स्मरणार्थ तिकीट काढले. २०२४ मध्ये कैवल्यधामला शंभर वर्षे पूर्ण झाली.

हिंगोलीसारख्या जिल्ह्यात या चरित्राचे मोल काय, असा प्रश्न कोणी विचारील. ज्या प्रदेशात डॉक्टर दूर आणि औषधे महाग, तेथे बिनखर्चाच्या उपायांकडे माणूस आशेने पाहतो. शेतकऱ्याची पाठ, विद्यार्थ्याची परीक्षेची धडधड, म्हाताऱ्याची झोप यांवर संथ श्वासाचा आणि थोड्या आसनांचा उपयोग होऊ शकतो. मात्र त्याच आशेच्या बळावर भोंदूंचे दुकानही चालते. गोळ्या बंद करा आणि श्वास ओढा, असा सल्ला देणारे गावोगाव भेटतात आणि त्याची किंमत रुग्णाला मोजावी लागते. उपयोगी सल्ला कोणता आणि घातक कोणता, हे ओळखण्याची रीत कुवलयानंदांनी घालून दिली आहे. सांगणारा कितीही मोठा असो, त्याने सांगितलेले मोजता येते काय, आणि मोजल्यावर ते टिकते काय, एवढेच विचारायचे.

येत्या २१ जूनला शाळेच्या मैदानावर मुले रांगेत बसतील. त्यांना श्वास मोजायला शिकवणाऱ्या गुरुजींनी आणखी एक गोष्ट करावी. सुरुवातीला प्रत्येकाला मनगटावर बोटे ठेवून मिनिटभर नाडीचे ठोके मोजायला लावावेत, दहा मिनिटे संथ श्वसन झाल्यावर ते पुन्हा मोजायला लावावेत आणि दोन्ही आकडे वहीत लिहून घ्यावेत. कोणाचे ठोके उतरलेले असतील, कोणाचे तसेच असतील. जे आकडे येतील तेच लिहायचे, हा नियम मात्र आधीच सांगून ठेवावा.